शकुनाचे दही

माझा चेहरा आणि माझा आवाज घेऊन एक दुसरी बाई आमच्या घरात राहायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात माझी नात माझ्यापेक्षा तिचे अधिक ऐकू लागली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माझे आयुष्य तक्रारी ऐकण्यात गेले, करण्यात नाही. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली असली, तरी सांगलीत अजूनही शरयू हेर्लेकरांसमोर कोणी उगाच खाकरत नाही.

ती बाई राहत होती एका गॉगलमध्ये.

मिहिका, माझी नात, तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या उजव्या कानामागचे हाड आतून सडत चालले होते. ते कोरून स्वच्छ करायला हवे, नाहीतर सड मेंदूकडे सरकेल, असे मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. शस्त्रक्रियेला आमची ना नव्हती. अडचण होती ती भुलीच्या मुखवट्याची. आदल्या वर्षी कानाच्या एका किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी चार माणसांनी तिला दाबून धरले, तेव्हा कुठे मुखवटा तिच्या तोंडावर बसला. त्यानंतर कित्येक महिने ती तोंड पुसायला टॉवेलसुद्धा जवळ येऊ देत नसे. शस्त्रक्रियागृहात होता तसा हिरवा पडदा दिसला की किंचाळे. माझा मुलगा निनाद याने घरातले हिरवे पडदे काढून टाकले. जगातले हिरवे पडदे त्याला काढता येणार नव्हते.

"घाबरलेल्या मुलाला भूल जास्त लागते," भूलतज्ज्ञ डॉक्टर यास्मिन मुजावर आम्हाला समजावत होत्या. "जागं होताना ते जास्त रडतं, जखम जास्त दुखते, आणि ती भीती पुढे कितीतरी दिवस झोपेत येत राहते. म्हणून आम्ही आता आधी भीतीवर उपचार करतो. यंत्राचं नाव सांगाती."

यंत्र समजायला कठीण नव्हते. गॉगल डोळ्यांवर चढवला की मुलाला खोली दिसेनाशी होते आणि एक वेगळेच जग दिसू लागते. असे गॉगल आमच्या काळातही होते. नवे होते ते पुढचे. गॉगलच्या आतले बारीक कॅमेरे डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारतात ते पाहत, बोटातली अंगठी नाडी आणि घाम मोजत असे, आणि त्यावरून यंत्राला दर क्षणी मुलाची भीती कळे. भीती वाढली की ते जग स्वतःला बदलून घेई. मोठा आवाज बारीक होई, अंधारे वळण उजळे, नकोसे वाक्य वाटेतच थांबे. पडद्यावर त्याचा एक दिवा दिसे, निर्भय मुलाचा हिरवा, अस्वस्थ मुलाचा पिवळा, फार घाबरलेल्याचा तांबूस. घरी रोज संध्याकाळी त्या जगातून एक फेरी मारायची. त्यात रुग्णालयाची स्ट्रेचर म्हणजे नाव, लिफ्ट म्हणजे घाट, भुलीचा मुखवटा म्हणजे पाण्याखाली बुडी मारायचा मुखवटा. प्रत्यक्ष दिवशी मुलाला काहीच नवे वाटत नाही. मुखवटा ते आपल्या हाताने लावते.

"डोळे आणि कान, एवढ्या दोनच दारांतून हे जग आत जातं," यंत्र चालवणाऱ्या नीलम कांबळे म्हणाल्या. "वास नाही, चव नाही. तरी मुलांना पुरतं."

त्या जगात मुलाचा हात धरायला त्याच्या विश्वासातले एक माणूस लागे. ते निवडायला नीलमताईंनी मिहिकेला विचारले, "नदीत मगर आली तर तू कुणाला हाक मारशील?"

आमच्या कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे प्रश्न पोरकट नव्हता. मिहिकेने क्षणभरही विचार केला नाही. "आजीला. मगर आजीला घाबरते."

निनाद हसला. माझी सून ऋजुता हसली नाही. तिला वाटले असावे की आई असताना आजीचे नाव का. मी मात्र, खरे सांगायचे तर, त्या संध्याकाळी आरशासमोर थोडी अधिक वेळ उभी राहिले.

माझे चित्रण झाले, बोलणे ध्वनिमुद्रित झाले आणि ती बाई तयार झाली. पहिल्या दिवशी ती हुबेहूब मीच होती. "सरळ बस," ती म्हणाली, आणि दिवा पिवळा झाला. दुसऱ्या दिवशीपासून ती "सरळ बस" म्हणेनाशी झाली. मग "रडायचं काय त्यात?" गेले. मग "खरं सांग" गेले, आणि त्यामागोमाग माझी ती भुवई गेली, जिच्यापुढे अट्टल आरोपींनी मान खाली घातली होती. ज्या ज्या गोष्टीने मुलीची नाडी वाढे ती ती गोष्ट यंत्र छाटत गेले. उरली ती माझ्या चेहऱ्याची एक गोडबोली म्हातारी. मुलीने काहीही सांगितले तरी ती म्हणे, "अरे वा, छान!"

"आई, ही तुझी सुधारित आवृत्ती," निनाद म्हणाला.

"सुधारित नव्हे. पुराव्यातली गैरसोयीची पानं फाडलेली," मी म्हणाले.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने त्या जगात घालायला लावली. आमच्या घरात कोणी महत्त्वाच्या कामाला निघाले की मी त्याच्या हातावर दही-साखर घालते. माझ्या सासूबाई घालत. पहिल्या दिवशी न्यायासनावर बसायला निघाले तेव्हा माझ्याही हातावर त्यांनीच घातले होते. ऋजुता दूध संघाच्या प्रयोगशाळेत दह्या-दुधाचे नमुने तपासते. तिचे मत तिने लगेच मांडले.

"आई, मी दिवसभर तेच बघते. एका थेंबात कोट्यवधी जीवाणू असतात, आणि त्यातल्या एकालाही कुणाच्या ऑपरेशनचं काही पडलेलं नसतं."

"दही जीवाणूंच्या समाधानासाठी देत नाहीत, ऋजुता. देणाऱ्याच्या देतात."

"मग देणाऱ्यानं स्वतःच खावं!"

बोलायला ती कधी मागे हटत नाही. तो तिचा गुण आहे, हे मी तिला कधी सांगितलेले नाही.

पण शस्त्रक्रियेच्या आधी पोट रिकामे हवे, हा नियम मला तिच्याइतकाच ठाऊक होता. भूल दिली की घशातला पहारेकरीसुद्धा झोपतो. पोटातले वर आले तर सरळ फुप्फुसात उतरते. म्हणून माझ्या सांगण्यावरून शकुन गॉगलमध्ये गेला. नावेत बसण्याआधी ती म्हातारी मिहिकेच्या हातावर चांदीच्या चमच्याने दही घाली. रूढी राहिली आणि पोटही रिकामे राहणार होते. आदल्या रात्री जेवणानंतर मी सर्वांना बजावले, "उद्या सकाळी मुलीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. कणभरही काही द्यायचं नाही."

"जज्जबाईंचा आदेश," निनाद म्हणाला. ऋजुता ताटे उचलत होती. तिने वर पाहिले नाही.

सकाळी माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. देवापाशी दिवा लावला, तर वात तिरकी लागली, पुन्हा लावली. बाहेर आले तेव्हा ऋजुता मुलीला बूट घालत होती आणि निनाद गाडीचा हॉर्न वाजवत होता. सांगलीहून मिरज ती काय लांब, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल आमच्यासाठीच लाल होत होता. मिहिका खिडकीला नाक लावून शांत बसली होती.

"मूल उपाशी आहे ना?" परिचारिकेने दारातच विचारले.

"हो, रात्रीपासून," ऋजुता म्हणाली.

मिहिकेला गॉगल चढवून आत नेले. आम्ही काचेपलीकडच्या खोलीत बसलो. तिथल्या पडद्यावर आम्हाला तिचे जग दिसत होते आणि तिचे शब्द ऐकू येत होते. घाट, नाव, संथ पाणी. दिवा हिरवा. नावेच्या टोकाशी ती म्हातारी माझे लुगडे नेसून बसली होती.

मुखवट्याआधी शेवटचा प्रश्न विचारायचा असे यंत्राला शिकवलेले होते. म्हातारीने तो लाडात विचारला. "सोनू, सकाळपासून काही खाल्लंस का ग?"

"दही," मिहिका म्हणाली.

दिवा पिवळा झाला.

"आपलं शकुनाचं दही! छान!" म्हातारी हसली. दिवा पुन्हा हिरवा झाला. नीलमताईही हसल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "रोज हेच सांगते. गेममधलं दही."

"आंबट होतं," मिहिका म्हणाली. दिवा परत पिवळा. तिचा आवाज बारीक झाला. "पण सांगायचं नाहीये."

"अरे वा, छान! ते बघ, मगरीची पिल्लं!"

पाण्यातून पिल्ले वर आली. दिवा हिरवा झाला. नीलमताईंनी आत इशारा केला की मुलगी तयार आहे.

आयुष्यभर मी लहान साक्षीदार ऐकले. पढवलेले मूल घटना सांगते, रंग सांगते, कोणी काय म्हटले तेही सांगते. पण ज्याची कोणी उजळणी करून घेतलेली नसते, असे जे काही ते अनवधानाने सांगून जाते, ते खरे घडलेले असते. गॉगलमधल्या दह्याला चव नव्हती. ते आंबट असणे शक्यच नव्हते.

आणि यंत्राला तर ते दोनदा कळले होते! मुलीची नाडी दोनदा धावली होती. पण यंत्राला नाडी शांत करायला शिकवले होते, ती का धावली हे विचारायला नव्हे. मुलगी काहीतरी दडवते आहे, याची ती पिवळी खूण होती. यंत्राने ती पुसली आणि आम्हाला हिरवा दिवा दाखवला.

मी ऋजुताकडे वळले. "मुलीला दही दिलंस?"

"नाही."

या उत्तराआधी तिने श्वासही घेतला नव्हता. तिच्या ओढणीचे टोक तिच्याच बोटांभोवती इतके घट्ट गुंडाळले गेले होते की बोटे पांढरी पडली होती. निनाद म्हणाला, "आई, अगं काय विचारतेस तू? ती देईल का? तिचाच या सगळ्याला विरोध!"

काचेपलीकडे मुखवटा उचलला गेला होता.

उलटतपासणी घेतली असती तर पाच प्रश्नांत मी तिला खरे बोलायला लावले असते. पण पाच प्रश्नांना वेळ लागतो, आणि ती एकदा नाही म्हणून बसली होती. नवऱ्यासमोर, माझ्यासमोर, आपल्याच शब्दात अडकली होती. कबुलीजबाबाला मात्र उलटतपासणी लागत नाही. तो दिला की काम तिथेच थांबते.

मी उठले आणि काचेचे दार ढकलले. "थांबा! मुखवटा खाली ठेवा. मुलगी उपाशी नाही. सकाळी मी तिला दही दिलं आहे."

डॉक्टर मुजावरांचा हात हवेतच थांबला. मग त्या झपाट्याने बाहेर आल्या. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता, आणि तो राग योग्यच होता. "किती दिलंत? आणि कधी?"

खोटा कबुलीजबाब देणाऱ्याची पंचाईत तिथेच होते. त्याला तपशील माहीत नसतो. मी शेकडो वेळा हे न्यायासनावरून पाहिले होते. खालून आज प्रथमच पाहत होते.

"वेळ मला नक्की आठवत नाही," मी म्हणाले. "ऋजुता, मी दिलं तेव्हा तू तिथेच होतीस. किती वाजले होते?"

मी भुवई उचलली. गॉगलमधून छाटून टाकलेली तीच.

"नि... निघायच्या जरा आधी," ती पुटपुटली. "सहा वाजून गेले होते."

"आणि किती? चमचाभरच ना?"

"नाही." या वेळी तिने श्वास घेतला. "आधी चमचाभर. मग ती म्हणाली, भूक लागली. रडवेली झाली होती. अर्धी वाटी गेली असेल. साखर घालून."

"अर्धी वाटी!" डॉक्टर म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. हे दही तिच्या फुप्फुसात गेलं असतं. मी आज हिला तुमच्या हाती जिवंत परत दिलं असतं की नाही, मलाही सांगता आलं नसतं."

"शकुनाचं दही खाण्यात धरत नाहीत, असं वाटलं," मी म्हणाले. ते वाक्य माझे नव्हते. ते कोणाच्या मनात असणार, हे मला ठाऊक होते.

निनाद माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही. मग एवढेच बोलला, "जगाला आदेश देतेस, आई. स्वतःला एक पाळता आला नाही?" मी पेपर वाचत राहिले. ऋजुता आतल्या खोलीत होती.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यावर गेली. रुग्णालयाने कळवले की मुलीला घेऊन येताना आजींना तिच्याजवळ एकटे ठेवू नये आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांना आत प्रवेश मिळणार नाही. कोणाही समंजस संस्थेने हेच केले असते. तरीही तो आठवडा जड गेला. मी देवघरातून उठले की निनाद मान वळवून माझे हात पाही. फ्रीज उघडला की विचारी, "काय हवंय?" माझ्याच घरात मी जामिनावर होते.

त्याहून मोठी अडचण मिहिकेने उभी केली. ती गॉगल लावेना.

"का ग?" निनादने विचारले. "छान आजी आहे ना आत?"

"ती ऐकतच नाही," मिहिका म्हणाली. "मी तिला सांगितलं दही आंबट होतं. सांगायचं नव्हतं तरी सांगितलं. ती म्हणाली छान." मग माझ्याकडे बोट दाखवून, "ही रागावते, पण ऐकते."

नीलमताई घरी येऊन गेल्या. त्यांनी मुलीला बदकांचे नवे तळे दाखवले, नवे गाणे ऐकवले. मिहिकेने गॉगल उशीखाली घातला आणि वर बसून राहिली.

पुन्हा ती सकाळ आली. पुन्हा मिरज. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले, कारण तिथून पुढे मला मनाई होती. आत हिरवे पडदे होते. मिहिकेने ते पाहिले आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. तिची किंकाळी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. "आजी! आजी पायजे!"

"आजी बाहेर आहे, सोनू. आई येते ना आत," ऋजुता विनवत होती.

"आजी!"

एक वॉर्डबॉय पुढे झाला, मग दुसरा. हात पसरले गेले. आदल्या वर्षीचे चार जण मला आठवले. मी उठले आणि पुन्हा बसले. नियम माझ्याविरुद्ध होता, आणि तो माझ्याच साक्षीवर उभा होता.

"थांबा." तो आवाज ऋजुताचा होता. "डॉक्टर, त्यांना आत घ्या. दही त्यांनी दिलं नव्हतं."

डॉक्टर मुजावर वळल्या. निनादही.

"मी दिलं," ऋजुता म्हणाली. तिची मान ताठ होती. "मी दह्याची थट्टा करते, रोज करते. पण त्या दिवशी हिला तशीच, कोरड्या हातानं न्यायचा धीर झाला नाही. वाटलं, माझ्यामुळे शकुन चुकला आणि काही झालं तर? चमचाभर म्हणजे काही खाणं नाही, असं स्वतःला पटवलं. मग तिनं आणखी मागितलं. आईंनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. त्या मध्ये पडल्या नसत्या, तर आज..."

निनादने माझ्याकडे पाहिले. मला ती नजर नको होती. सहानुभूतीची मला कधीच सवय नव्हती.

"आई, तू खोटं बोललीस?" तो म्हणाला. "तू?"

"तो खटला निकाली निघालेला आहे," मी बाकावरून उठत म्हणाले. "पुन्हा उघडायचा नाही. ऋजुता, डोळे पूस. डॉक्टर, आत यायची टोपी द्या."

डॉक्टर मुजावरांनी स्वतःच्या हाताने मला टोपी घातली. वॉर्डबॉय बाजूला झाले.

मिहिकेने चौकट सोडली आणि माझा हात धरला. तिची नखे माझ्या तळव्यात रुतली. तिच्या बोटात यंत्राची अंगठी होती. भिंतीवरचा दिवा पिवळाधमक होता. नीलमताईंनी गॉगल पुढे केला. मी मान हलवली.

"मॅडम, पिवळ्यावर?"

"राहू दे पिवळा. खरा आहे."

हिरव्या पडद्यातून आम्ही दोघी आत गेलो. वर मोठे दिवे होते, लोखंडी पलंग होता, आणि ते सगळे तिला जसेच्या तसे दिसत होते.

"आजी, दुखेल?"

गॉगलमधली ती बाई काय म्हणाली असती, ते मला पाठ होते. "हो," मी म्हणाले. "आता नाही, पण उठल्यावर कान ठणकेल. मग औषध देतील, आणि कमी होईल."

दिवा तांबूस झाला. मिहिका माझ्या तोंडाकडे पाहत होती, मी आणखी काही दडवते आहे का हे तपासत. मी तिला तपासू दिले. तांबूस दिवा हळूहळू पिवळा झाला आणि तिथेच राहिला.

"हा मुखवटा," मी म्हणाले. "बुडी मारायचा वगैरे नाही. भुलीचा. कोण लावणार? मी की तू?"

तिने मुखवट्याला बोट लावून पाहिले. "तू धर. मी लावते."

मी धरला. तिने तोंड पुढे केले.

"सकाळपासून काही खाल्लंस?" डॉक्टर मुजावरांनी विचारले.

"नाही. खूप भूक लागलीये," ती मुखवट्याआडून म्हणाली. तिचे डोळे जड होऊ लागले होते. "आजी, उठल्यावर दही."

"मिळेल. तुझ्या आईनं रात्रीच विरजण लावलंय, मी पाहिलं."

"आंबट?"

"आंबटच असतं खरं दही. सरळ झोप आता."

ती सरळ झाली. हातातली पकड मात्र तिने बऱ्याच उशिरा सोडली.